वेशीगडाचं दार

नाशिकरोड, १० फेब्रुवारी २०२५

ललित,

'चि.' लिहायला पेन टेकवलं होतं, पण उचललं. आशीर्वाद द्यावेत असं आज माझ्याकडे काही नाही.

तू मला फोनवर, मेसेजवर, खेळाच्या ग्रुपवर, सगळीकडे ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. पुण्याला, वाकडच्या पत्त्यावर टाकते आहे. न वाचता फेकलंस तर दुसरं टाकीन.

तुझा व्हिडिओ पाहिला. 'घरचाच फितूर'. सुरुवातीलाच म्हणतोस, "मित्रांनो, आपलं राज्य शत्रूने नाही बुडवलं, माझ्या सख्ख्या बहिणीने बुडवलं." मागे ढोलही लावलेस. छान लावलेस. पप्पांच्या वर्षश्राद्धाला यायला वेळ नव्हता, ढोल शोधायला होता.

वेशीगडाचं दार मी उघडलं. हे मी कधी नाकारलं? उद्या तीच वेळ आली तर उद्याही उघडीन. तू ते जगाला सांगितलंस याचा मला राग नाही. का उघडलं ते गाळलंस, याचा आहे. तेव्हा ते इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान तुला तरी विसरता येणार नाही.

'राजदंड' या ऑनलाइन खेळात तू राजा आणि मी दिवाण. लढाई तुझी, कारभार माझा, असं आपलं पहिल्यापासून ठरलेलं. गोदा संघात आपल्यासोबत नाशिक जिल्ह्यातली साठ-सत्तर माणसं. कुणी देवळ्याचं, कुणी सटाण्याचं, कुणी इगतपुरीचं, आणि प्रत्येकाचं त्या नकाशावर स्वतःच्या हाताने बांधलेलं एक गाव. विहीर, पार, बाजार, तटबंदी. वर्ष वर्ष खपून बांधलेलं.

सीझन संपत आला होता आणि तुला पूर्वेकडची राजधानी हवी होती. मी म्हटलं, रस्ता लांब आहे, मध्ये एकच पूल आहे, तो तुटला तर तुझ्या सैन्याला दाणा पोचणार नाही, आणि पश्चिमेची हद्द उघडी पडेल. तू म्हणालास, "ताई, लोकांना कोठार बघायला आवडत नाही. राजधानी पडताना बघायला आवडतं." मग वेशीगडावरचे भालाईत काढलेस, तिरंदाज काढलेस. त्यांचा खर्च निघावा म्हणून गडाखालच्या मोसमखोऱ्यावर दुप्पट कर लावलास. गेल्या पावसाळ्यात आपल्यात आलेला प्रांत तो. नव्या प्रांतावर पहिली दोन पिकं कर वाढवायचा नाही, त्यांचे पाटील बदलायचे नाहीत, आपले शिपाई गावात न उतरवता गडावरच ठेवायचे. हे नियम माझे होते आणि तुझ्या व्हिडिओत तूच ते मिरवायचास. आता ते मोडतानासुद्धा मला विचारलं नाहीस.

त्या रविवारी दुपारी मुझफ्फरभाईचं सैन्य वेशीगडाखाली आलं. मालेगावच्या गिरणा संघाचा सेनापती, तीन सीझन आपल्याविरुद्ध बरोबरीने लढलेला माणूस. त्याने तुझी मोकळी हद्द पाहिली आणि तुझ्यासारखाच कुठलाही शहाणा सेनापती जे करेल ते केलं. गडावर उरले होते शिकाऊ शिपाई आणि खंदकाची डागडुजी करणारे मजूर. मी हेडफोनवर तुला सांगितलं की गड फार वेळ तग धरणार नाही. तू म्हणालास, "कोठारं पेटव. शेतं पेटव. त्याच्या घोड्यांना एक पेंढी मिळता कामा नये. तेवढ्या वेळात मी राजधानी घेतो."

पूजा त्याच कॉलवर होती. देवळ्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स, ड्यूटी संपवून येऊन गाव बांधणारी. ती म्हणाली, "दादा, माझं गाव त्यातच हाय." त्यावर तू जे वाक्य बोललास ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

खेळाचा नियम तुला शिकवायला नको. गड हल्ल्यात पडला की त्याच्याखालची गावं पुसली जातात, जणू कधी नव्हतीच. गड शरण गेला तर गावं उभी राहतात, फक्त निशाण बदलतं. किल्ली दिवाणाकडे असते. मी खेळाच्या चॅटवर मुझफ्फरभाईशी बोलणी केली. एकही गाव जाळायचं नाही, पाटील तेच ठेवायचे, सीझन संपेपर्यंत नवा कर नाही, आणि ज्याला आपल्याकडे परत यायचं आहे त्याला सामानसुमानासह येऊ द्यायचं. त्याने सगळं मान्य केलं. मग मी लिहिलं, "दार उघडते. शब्द पाळा."

तू फक्त हे शेवटचं वाक्य दाखवलंस. वरच्या अटी कापल्यास. आणि समोरच्याचं नाव, आडनाव, गाव मात्र नीट दिसेल असं मोठं करून ठेवलंस.

तो व्हिडिओ काढ. नाहीतर सगळं संभाषण दाखव.

सायली


नाशिकरोड, २० फेब्रुवारी

ललित,

उत्तर आलं नाही. तुझं नाही, पण बाकीच्यांची रोज येताहेत.

द्राक्षाचा हंगाम भरात आहे. शेडमध्ये कंटेनर लागलेला, क्रेट मोजून घ्यायचे, गारव्याचा आकडा बघायचा, आणि माझा फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी पोरगं "फितूर" म्हणतं, हसतं आणि ठेवून देतं. माझा नंबर कुठून मिळाला विचारू नकोस. तुझ्याच प्रेक्षकांनी शोधून तुझ्याच व्हिडिओखाली चिकटवला होता. परवा आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, घरचं भांडण घरी मिटवा, इथे माल खोळंबतो." माल खोळंबला नव्हता. माझ्या हाताखाली माल आजवर खोळंबलेला नाही. पण ऐकून घेतलं.

माझं सोड. मी जिल्हाभर ट्रक पाठवणारी बाई आहे, शिव्या ऐकायची सवय आहे मला.

मुझफ्फरभाईचं काय केलंस ते तुला कळलंय का? तुझ्या व्हिडिओखाली लोक आता खेळावर बोलत नाहीत. 'मालेगाववाल्याने हिंदू मुलगी फितवली' असं लिहितात. आणखी जे लिहितात ते मी या कागदावर उतरवणार नाही. कुणीतरी त्याच्या कापडदुकानाचा फोटो टाकला, पाटीवरच्या नंबरासकट. आता दुकानात फोन येतात. त्यातला एक त्याच्या मुलीने उचलला. आयत पहिलीत आहे. पलीकडचा माणूस तिच्याशी काय बोलला ते तिला सांगता आलं नाही, पण तेव्हापासून फोन वाजला की ती कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसते.

मी त्याला फोन केला. माफी मागणार होते, तर तोच म्हणाला, "सायलीताई, आपण खेळात लढलो, ते खेळात राहिलं. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" मग सलिमाभाभीने फोन घेतला. ती माझ्याशी नेहमी हसून बोलते. त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "आपके भाई को मालूम तो है ना, हमारे यहाँ बात कहाँ से कहाँ पहुँचती है?"

 तुला माहीत आहे, ललित. तू नाशिकचा आहेस, तुला बरोबर माहीत आहे. ते नाव आणि ते गाव मोठ्या अक्षरात ठेवताना तुझं बोट कशावर होतं, आणि त्याने किती लोक येतील, हे तुला माहीत होतं. त्यासाठीच ठेवलंस. हा माझा खरा राग आहे. मला फितूर म्हटलंस ते मी एक वेळ गिळलं असतं.

आणि तू राजा कसा झालास तेही विसरलास. लॉकडाऊनमध्ये इंजिनिअरिंगचे विषय राहिले, तू खोलीतून बाहेर यायचा बंद झालास. आई दाराशी ताट ठेवायची, ताट तसंच परत यायचं. मी आत येऊन तुझ्या बाजूला स्टूल टाकून बसले आणि विचारलं, हे काय खेळतोस, मला पण दाखव. तू म्हणालास, "तुला नाही जमणार." मग दाखवलंस. त्या दिवशी आपण दोघांनी एकाच ताटात खिचडी खाल्ली.

तुझी ती नदीच्या उतारावरची लढाई मला अजून दिसते. पुढे मुद्दाम विरळ पायदळ ठेवलंस. शत्रूचे जड घोडेस्वार तुटून पडले, तुझे पायदळाचे लोक पळाले, म्हणजे पळाल्याचं सोंग केलं, आणि ते सगळे चिलखतवाले पाठोपाठ थेट चिखलात शिरले. मग टेकडीवरून बाण, आणि झाडीतून तुझे हलके घोडे. मी स्टुलावरून उठून उभी राहिले होते. असली बुद्धी माझ्याकडे नाही. ते मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

पण त्या दिवशी तुझे घोडे ताजे होते, ते का? मी आधीचा महिनाभर वाटेवरच्या गावांत चारा साठवून ठेवला होता म्हणून. तुझे तिरंदाज पळाले नाहीत, ते का? त्यांच्या गावात कर माफ केला होता, त्यांना परत जायला घर होतं म्हणून. लढाई दुपारभराची असते. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं कुणीतरी सांभाळावं लागतं. ते मी सांभाळलं, आणि तुझ्या एकाही व्हिडिओत माझं नाव आलं नाही. मला ते चालत होतं. आलं ते एकदम फितूर म्हणूनच आलं.

मुझफ्फरभाईचं नाव काढ. आजच्या आज काढ.

सायली


नाशिकरोड, ४ मार्च

ललित,

आई काल पुण्याहून आली. जाताना तुझ्यासाठी लाडू नेले होते. येताना तुझा निरोप घेऊन आली.

पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "त्याचं म्हणणं आहे, तू एकदा सॉरी म्हण. मग तो सगळं आधीसारखं करतो."

"कशाबद्दल सॉरी?"

"ते मला कुठे कळतंय, सायली. दार का काय उघडलंस त्याबद्दल."

"आणि व्हिडिओ?"

"तो काढता येत नाही म्हणे. खूप लोकांनी बघितलाय. तू मोठी आहेस, तू पड खा. खेळच तर आहे."

मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, "आई, खेळ होता तोवर खेळच होता. मालेगावात एक लहान मुलगी फोनला घाबरते आहे. ती खेळात नाही."  मग पिशवीतून आईने तुझी जुनी निळी बनियनं काढली, उसवलेली, शिवायला आणलीत. तुझ्या वयाच्या माणसाची बनियनं त्याची आई पुण्याहून नाशिकला शिवायला आणते, आणि तो माणूस आपल्या बहिणीला माफी मागायला सांगतो.

तर माझं उत्तर लिहून देते. मी सॉरी म्हणणार नाही.

आणखी एक. पूजाने मला सांगितलं, "ताई, तुम्ही स्वतःच बोला. माझ्या फोनवर रेकॉर्ड करू. गाव माझं वाचलंय, मी तुमच्या शेजारी बसते." मुझफ्फरभाईला विचारलं. तो आधी नको म्हणत होता. मग म्हणाला, "बोला, पण माझी बाजू घेऊ नका. झालं तेवढंच सांगा."

म्हणून या रविवारी मी बोलणार आहे. माझं नाव सांगून, तोंड न लपवता. दार मी उघडलं हे सांगणार, सगळ्या अटी वाचून दाखवणार. तू मला न सांगता माझ्यावर चालून आलास. मी तसं करत नाही, म्हणून हे आधी कळवते आहे. तोवर तूच खरं बोललास तर मी बोलणार नाही. आपल्या लाडक्या भावाला चार लोकांत उघडं पाडायची मला हौस नाही.

पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे. मिळालं नाही म्हणू नकोस.

सायली


नाशिकरोड, १८ मार्च

ललित,

तू बोलला नाहीस, म्हणून मी बोलले. देवळ्याला पूजाच्या ओसरीवर बसून बोलले. ती शेजारी होती, अंगावर अजून ड्यूटीचे कपडे.  वेशीगडावर किती शिपाई उरले होते, रस्त्यात पूल कसा एकच होता, मोसमखोऱ्यावर कर कुणी वाढवला, हे सांगितलं. अटी वाचल्या. शेवटी म्हटलं, मुझफ्फरभाई शत्रूच्या बाजूने लढले आणि शब्दाला जागले. ज्यांनी त्यांच्या दुकानात फोन केले त्यांनी खेळही पाहिला नाही आणि माणूसही.

तुझं ते वाक्य सांगितलं नाही. पूजा मला कोपराने ढोसत होती. तरी नाही सांगितलं.

तुझ्याएवढे लोक माझं बोलणं ऐकायला कुठले येणार? पण संघातले सगळे आले. सटाण्याची वेदिका, इगतपुरीचा संतोष, ज्यांची गावं तुझ्या आज्ञेने जळाली असती ते सगळे. त्यांनी आपापलं गाव लिहून खाली टाकलं. हे माझं गाव, अजून उभं आहे, असं.

आणि काल मुझफ्फरभाईचा फोन आला. मी शेडमध्ये होते. म्हणाला, "सायलीताई, तुमचा भाऊ येऊन गेला."

मला आधी भीतीच वाटली. तू काय करायला गेलास तिथे?

त्याने सांगितलं ते असं. तू दुपारी दुकानात शिरलास, गिऱ्हाईक आहे असं वाटून त्याने तुझ्यासमोर लुंग्या टाकल्या. तू नाव सांगितलंस. तो म्हणाला, "बसा." रोजे चालू आहेत, त्याने स्वतः सकाळपासून पाणी घेतलेलं नाही, तरी तुझ्यासाठी समोरून चहा मागवला. तू तो कप हातात धरून बसलास आणि प्यायला नाहीस. म्हणालास, "ताईने ते वाक्य सांगितलं नाही. मी पूर्ण व्हिडिओ बघत वाट पाहत होतो की आता सांगेल, आता सांगेल." मग त्याची माफी मागितलीस. त्याने विचारलं नव्हतं तरी परत मागितलीस.

आयत गठ्ठ्यांमागून बघत होती. तिने विचारलं, "आप ही हो क्या वो राजा?" आणि तू तिला म्हणालास, "नाही. राज्य माझी ताई चालवायची. मी फक्त लढायचो."

 मुझफ्फरभाईला वाटलं, हे ऐकून मी खूश होईन.

मी खूश झाले नाही, ललित. मी शेडच्या मागे जाऊन उभी राहिले. तू चूक कुणासमोर केलीस? लाखो लोकांसमोर, ढोल वाजवून. आणि माफी कुठे मागितलीस? कापडाच्या गठ्ठ्यांच्या आड, एका पहिलीतल्या मुलीसमोर. तिच्या बापाला फोन करणाऱ्यांना ते ऐकू गेलं का? तुझा व्हिडिओ घरी जाऊन गुपचूप काढून टाकलास, मी पाहिलं. का काढला ते कुठेही लिहिलं नाहीस. लोक आता म्हणतात, बहिणीने दबाव आणला. म्हणजे आता मी फितूर आणि वर धाकदपटशा करणारी.

आणि पुढचं ऐक. मुझफ्फरभाईने तुला पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. ती बस नाशिकच्या द्वारका चौकातून येते, नाशिकरोडला बिटको चौकात थांबते. माणसं उतरतात, चढतात. तिथून आपलं घर चालत जाण्याइतकं आहे. आई घरी होती. तू खिडकीत बसून राहिलास आणि पुढे गेलास.

मालेगावला अनोळखी माणसाच्या दुकानात शिरायची हिंमत झाली आणि घरी यायची झाली नाही. हे मी कसं समजून घ्यायचं ते तूच सांग.

ईद झाल्यावर एका रविवारी गोदा संघाचे आणि गिरणा संघाचे लोक देवळ्याला भेटणार आहेत. पूजाच्या घराशेजारचं सभागृह घेतलंय. पुढच्या सीझनला काय करायचं ते ठरवायचं आहे. तारीख पूजा कळवेल. तिथे ये. आणि जे बोलायचं ते तुझ्या स्वतःच्या चॅनेलवर, लाइव्ह, सगळ्यांसमोर बोल. ते जमणार नसेल तर येऊ नकोस. माझ्यासाठी येतोस असंही समजू नकोस. त्या मुलीने पुन्हा दुकानातला फोन उचलावा, एवढ्यासाठी ये.

सायली


नाशिकरोड, १५ एप्रिल

ललित,

रविवारी सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, आणि तुला लगेच परतायचं होतं. म्हणून लिहिते.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. वेदिका म्हणाली, "ताई, दारात बघा." तू उंबऱ्यातच उभा होतास, चपला काढून. सभागृहात कुणी चपला काढत नाही, देवळात आल्यासारखा काढल्यास. कुणी ये म्हणेना आणि कुणी जा म्हणेना. शेवटी मुझफ्फरभाईच उठला आणि त्याने आपल्या शेजारची खुर्ची ओढली.

तू फोन टेबलावर उभा केलास, लाइव्ह चालू केलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस, ते बरं केलंस, नाहीतर मी उठून गेले असते. तू म्हणालास की वेशीगड तू उघडा टाकलास. कर तू वाढवलास. संभाषण तू कापलंस, आणि मुझफ्फरभाईचं नाव तू मुद्दाम मोठं केलंस, कारण त्यावर लोक येतात हे तुला माहीत होतं. इथपर्यंत मी मान खाली घालून ऐकत होते.

मग तू ते वाक्य बोललास. "पूजाताईने सांगितलं की तिचं गाव त्यात आहे. मी म्हणालो, जळू दे, असली फुटकळ माणसं पुन्हा भरता येतात."

 संतोष उठून बाहेर गेला, त्याचं गावही त्याच खोऱ्यात होतं. पूजाने तुझ्याकडे बघून म्हटलं, "दादा, लय लागलं होतं ते." तू हात जोडलेस. ती म्हणाली, "हात नका जोडू. खाली बसा. जेवून जा." तू बसलास. ललित, तू इतका वाळला आहेस हे मला तेव्हा दिसलं.

लोकांनी तुला खाली काय काय लिहिलं ते मी वाचलं. अर्धे सोडून गेले. काहींनी तुलाही तेच म्हटलं जे मला म्हणत होते. मला त्याचा आनंद झाला नाही. थोडा झाला, मग गेला. मुझफ्फरभाई सांगत होता, दुकानातले फोन अजून पूर्ण थांबलेले नाहीत. तू एका दिवसात जे सोडलंस ते एका दिवसात गोळा होणार नाही. पुढच्या वेळी कुणी तुझ्या व्हिडिओखाली त्याच्याबद्दल लिहील तेव्हा ते तूच पुसायचं, आणि त्या माणसाला उत्तरही तूच द्यायचं. कंटाळा आला तरी.

जेवणं झाल्यावर, हात धुताना तू मला हळूच विचारलंस, "ताई, नवीन सीझनला दिवाण होशील ना परत?"

मी काही बोलले नाही आणि तू तो माझा राग समजलास, असं आई म्हणाली. राग नव्हता. लोक बघत होते आणि मला नीट उत्तर द्यायचं होतं. तेव्हा हे उत्तर.

दिवाण होणार नाही. तू गेल्यावर दोन्ही संघांची मतं घेतली. गोदा आणि गिरणा पुढचा सीझन एकत्र खेळणार आहेत, आणि राज्य मी चालवणार आहे. दिवाण मुझफ्फरभाई. वेशीगड पूजाकडे, भरपूर भालाइतांसह. कुठलाही प्रांत कुणा एकाच्या सांगण्यावरून जाळायचा नाही, त्या प्रांतातल्या लोकांना विचारावं लागेल, हा नियम वेदिकाने सुचवला आणि सगळ्यांनी उचलून धरला.

सेनापती कोण, यावर पुष्कळ वाद झाला. तुझं नाव मीच घेतलं. संतोष नाही म्हणाला. मी त्याला नदीच्या उतारावरची लढाई सांगितली, तो तेव्हा संघात नव्हता. तरी तो नाहीच म्हणाला. म्हणून सगळं सैन्य तुला मिळणार नाही. हलकं घोडदळ तेवढं देते. कूच कधी करायचं, कुठून परत फिरायचं, ते मी सांगणार. परत फिर म्हटलं की फिरायचं, राजधानीची वेस दिसत असली तरी. लाइव्ह चालू असलं तरी.

उत्तर आईजवळ देऊ नकोस, तिला या भानगडीतून सोड. कबूल असेल तर मला सांग, आणि त्याआधी संतोषला फोन कर. त्याचा होकार आल्याशिवाय तुला एकही घोडा मिळणार नाही.

सायली